वाफसा येईपर्यंत

पावसाळ्याच्या आरंभी हौसेने गोकर्णाचे किंवा गणेशवेलीचे बी अंगणात घालावे आणि आषाढ उलटण्यापूर्वीच रिकाम्या आळ्याकडे पाहण्याची पाळी यावी, असा अनुभव आपल्याकडे घरोघरी येतो. त्याचा दोष कोणी बियाण्यास देतो, कोणी आपल्या हातगुणास देतो, परंतु वस्तुतः तो बहुतेक वेळी पेरणीच्या वेळेचा असतो, अशी माझी धारणा झाली आहे. महसूल खात्यातील नोकरीमुळे माझ्या बदल्या कधी कोकणात, तर कधी देशावर होत राहिल्या, आणि जेथे बिऱ्हाड मांडले तेथे दारापुढे कामट्यांची ताटी उभारून तिच्यावर फुलवेल चढविण्याचा परिपाठ मी कधी मोडला नाही. त्यामुळे एकाच जातीचे बी निरनिराळ्या मातीत आणि निरनिराळ्या पावसात कसे वागते, हे मला जवळून पाहावयास मिळाले.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या कचेरीच्या आवारात मृगाच्या पहिल्याच दिवशी फुलझाडांचे सर्व बी पेरून टाकण्याचा शिरस्ता होता. माळी हुकमाचा ताबेदार. त्याने वाफे केले, गणेशवेलीचे बी ओळीने घातले, आणि चार-पाच दिवसांत ते सुरेख उगवूनही आले. ज्यांनी ही रोपे उगवताना पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो, की गणेशवेलीची पहिली दोन दले तिच्या पुढील पिसासारख्या पानांशी मुळीच मिळतीजुळती नसतात. प्रत्येक दल टोकापासून जवळजवळ बुडापर्यंत दुभंगलेले आणि अरुंद असते, त्यामुळे अजाण माणूस ते तण समजून उपटून टाकण्याचाही संभव असतो. त्यानंतर झड लागली. ऊन म्हणून दिसेना, वाफ्यातील पाणी हटेना, आणि जेथे खोड मातीला टेकते नेमक्या त्याच ठिकाणी प्रत्येक रोप प्रथम पाणचट, मग तपकिरी, आणि शेवटी दोऱ्यासारखे बारीक होऊन, वरची दले हिरवी असतानाच आडवे पडू लागले. ही मर ज्या बुरशीमुळे होते ती मातीत असतेच. माती चिंब, हवा कोंडलेली आणि प्रकाश मंद अशी स्थिती मिळाली म्हणजे ती बळावते, आणि कोवळ्या खोडाला तिचा प्रतिकार करण्याइतका काठिण्यगुण अद्याप आलेला नसतो. आठवड्याभरात वाफे मोकळे झाले, आणि दुसऱ्यांदा पेरावे तर डबीत बी शिल्लक नव्हते.

आवाराच्या गडग्यापलीकडे मात्र गतवर्षीच्या बियांतून आपोआप उगवलेली गणेशवेल त्याच पावसात खुशाल वर चढत होती. हा भेद पाहून पुष्कळ लोक असे म्हणतात, की वेलीला माणसाचा हात लागूच नये. पण हा निष्कर्ष मला मान्य नाही. गडग्याच्या बाजूची जमीन उताराची होती, तेथे पाणी थांबत नव्हते, आणि जेथे शेकडो बिया सांडतात तेथे दहा-वीस वाचल्या तरी कुंपण झाकून जाते. आपल्या हाती चिमूटभर बी असते. निसर्गाची ही उधळपट्टी आपल्याला परवडणारी नाही, म्हणून आपणांस अधिक तजवीज करावी लागते.

सातारा भागात मला याच्या उलट प्रकार आढळला. तेथे मे महिन्याच्या मध्यास वळिवाची जोरदार सर आली की उत्साही मंडळी लगेच बी टोकतात. वरची दोन बोटे माती भिजलेली असते, खालची कोरडी ठणठणीत. बी उगवते, मूळ खाली जाते आणि तेथे त्याला ओल मिळत नाही. त्यानंतर पावसाने ओढ दिली, की दुपारच्या उन्हात ती रोपे अक्षरशः करपून जातात.

म्हणून पेरणीची वेळ पंचांगातील नक्षत्रावरून नव्हे, तर मातीवरून ठरवावी, आणि शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो आल्याशिवाय कोवळ्या वेलीचे बी जमिनीत घालू नये, असे माझे निक्षून सांगणे आहे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यावी, घट्ट दाबून तिचा लाडू वळावा, आणि कमरेइतक्या उंचीवरून तो सोडावा. लाडू चिखलाच्या गोळ्यासारखा पडून राहिला तर थांबावे. मुळात वळलाच नाही तर पाण्याची वाट पाहावी. पडताच तो मोकळा फुटला, तर त्या दिवशी बी घालण्यास हरकत नाही. देशावर, जेथे पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाचा पाऊस अठ्ठावीस इंचांच्या आसपास असतो, तेथे मृगाच्या उत्तरार्धात किंवा आर्द्रा नक्षत्रात अशी उघडीप बहुधा मिळते. कोकणात, जेथे तोच पाऊस शंभर इंचांच्या वर जातो, तेथे ती मिळेलच असा भरवसा धरता येत नाही. आणि गणेशोत्सवात वेलीवर फुले हवी असतील तर थांबूनही चालत नाही, कारण पेरणीपासून फुलापर्यंत गणेशवेलीस दोन महिन्यांची मुदत सहज लागते.

यावर मला सापडलेला उपाय असा, की रोहिणी नक्षत्र लागताच, म्हणजे मेच्या अखेरीस, पळसाच्या पानांच्या द्रोणांत पोयटा, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग भरून प्रत्येकात दोन बिया अर्धा इंच खोल घालाव्यात, आणि ते द्रोण पडवीत, सकाळचे ऊन येईल पण पागोळी पडणार नाही अशा जागी ठेवावेत. जमिनीत लावण्याची वेळ येईतो खोडे कणखर होतात, आणि मर लागण्याची मुख्य भीती तेथेच सरते. या वेलींची मुळे हाताळलेली खपत नाहीत, म्हणून रोप उपटून न लावता बुडाशी चिरलेला द्रोण तसाच आळ्यात ठेवावा. पान पुढे कुजून जाते. हे काम ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी करावे. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्यावर मात्र दिरंगाई करू नये, कारण एकदा शेंडे एकमेकांना विळखे घालू लागले, की ते सोडविताना मोडतात. ताटी लागवडीपूर्वीच रोवलेली असावी, आणि पहिले काही दिवस रात्री कंदील घेऊन गोगलगायी वेचाव्यात. त्या एका रात्रीत ओळच्या ओळ फस्त करतात.

गोकर्णाच्या बियांचे कवच कठीण असते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्यावर सकाळी काही बिया टच्च फुगलेल्या आणि काही आदल्या दिवसाइतक्याच दिसतात. त्या न फुगलेल्या बिया फेकून न देता, डोळ्याच्या विरुद्ध बाजूने खडबडीत फरशीवर हलकेच घासून पुन्हा भिजत घालाव्यात. खताच्या बाबतीत गोकर्णाशी उदारपणा करू नये. ती कडधान्यांच्या कुळातील आहे, नत्राची सोय मुळांवरील गाठींतून स्वतःच करते, आणि खत अधिक झाल्यास पानांनी भरून जाते व फुलांची कुचराई करते.

विलायती बियांच्या पाकिटांवर छापलेल्या वेळापत्रकाने तर आपल्याकडे पुष्कळांची दिशाभूल केली आहे. तिकडे मॉर्निंग ग्लोरीसारख्या उष्ण प्रदेशातील वेलींना हिमाची धास्ती असते, म्हणून वसंतात काचेआड रोपे करून हिमाचा शेवटचा संभव टळल्यावर ती बाहेर लावतात. तो नियम तेथे यथायोग्य आहे. आपल्याकडे हिमाची जागा झडीने आणि वैशाखाच्या उन्हाने घेतली आहे. थंडीची बाधा आपल्याकडे मुळीच नाही असे मात्र नाही. निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो, आणि दसऱ्यानंतर घातलेली गोकर्ण देशावर हिवाळाभर वाढ खुंटून बसते. पावसाळी पेरणी हुकल्यास महाशिवरात्रीपर्यंत थांबून, रात्री उबदार झाल्यावर, पाण्याचा बंदोबस्त करून बी घालावे.

स्वीट पीचा हिशेब या सर्वांहून निराळा. ती मूळची सिसिलीकडील. तिला थंडी सोसते, उष्मा सोसत नाही. हस्ताचा पाऊस सरताच, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, खत भरलेल्या चरात तिचे बी घालावे, आणि तीन-चार पाने येताच शेंडा खुडावा. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत सुगंधी फुले मिळतात, आणि होळीच्या सुमारास वेल संपते. नोव्हेंबरात पेरलेली स्वीट पी फुलावर येऊ लागते तोच उन्हे तापतात. तिच्या व मॉर्निंग ग्लोरीच्या बिया विषारी आहेत, हे ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी विसरू नये.

पुढील वर्षाचे बी धरताना पहिल्या बहराच्या शेंगा वेलीवरच तपकिरी होऊ द्याव्यात, पण त्या पिळवटून फुटण्यापूर्वी काढाव्यात, सावलीत वाळवाव्यात, आणि बी राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या डबीत भरावे. डबीवर चिठ्ठी लावताना जातीच्या नावाखाली त्या साली आपल्या अंगणात वाफसा कोणत्या तारखेस आला आणि पहिले फूल कधी उमलले, याची नोंद करावी. काही सालांच्या अशा चिठ्ठ्या जमल्या, की आपल्या अंगणापुरते पेरणीचे दप्तर तयार होते.