‘राजा’ जहाजावरची गोधडी

तुमच्या घरी आजीने शिवलेली गोधडी असेल. जुन्या साड्या, ओढण्या, फाटके सदरे यांचे तुकडे जोडून ती तयार होते. अशीच एक मोठी गोधडी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा शहराच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवली आहे. ती कोणा राणीने शिवलेली नाही. ती कैदी स्त्रियांनी शिवली आहे.

ही गोष्ट लंडनच्या न्यूगेट तुरुंगात सुरू होते. १८१३ साली एलिझाबेथ फ्राय या बाई तो तुरुंग पाहायला गेल्या. तेथे सुमारे तीनशे स्त्रिया आपल्या मुलांसह दाटीवाटीने राहत होत्या. अंथरूण नव्हते, पुरेसे कपडे नव्हते आणि हाताला काम नव्हते. भांडणे, जुगार आणि दारू यांतच त्यांचा दिवस जाई.

१८१७ साली फ्रायबाईंनी मैत्रिणींना बरोबर घेऊन एक मंडळ स्थापन केले. मंडळाने पैसे आणि कापड जमवले. तुरुंगात मुलांसाठी शाळा सुरू झाली. तिची शिक्षिका कैदी स्त्रियांमधूनच निवडण्यात आली. मोठ्या स्त्रियांना शिवणकाम आणि विणकाम मिळाले. “या बायका काम करणार नाहीत, कापड चोरतील,” असे अनेकांना वाटत होते. फ्रायबाईंनी मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवला. प्रत्येक नियम वाचून दाखवला आणि स्त्रियांनी हात वर करून तो मान्य केला. थोड्याच दिवसांत तुरुंगाचे रूप पालटले.

त्या काळी इंग्लंडमध्ये लहानशा चोरीसाठीही हद्दपारीची शिक्षा होत असे. कैद्यांना जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवत. प्रवास काही महिन्यांचा असे. १८१८ पासून मंडळाच्या स्त्रिया या जहाजांवर जाऊ लागल्या. पुढे प्रत्येक कैदी स्त्रीला त्या एक पिशवी देऊ लागल्या. पिशवीत शंभर सुया, दोरा, टाचण्या, कात्री, अंगुस्तान आणि दोन पौंड कापडाचे तुकडे असत. प्रवासात हाताला काम मिळावे, तयार गोधडी विकून चार पैसे मिळावेत आणि परक्या मुलखात हा हुनर उपयोगी पडावा, हा त्यामागचा हेतू होता.

५ एप्रिल १८४१ रोजी ‘राजा’ नावाचे जहाज इंग्लंडमधून निघाले. त्यात १८० कैदी स्त्रिया होत्या. त्यांची देखभाल करण्यासाठी केझिया हेटर या तरुण बाई बरोबर होत्या. १९ जुलैला जहाज होबार्ट बंदरात पोहोचले. तोपर्यंत एक सुंदर गोधडी तयार झाली होती. तिच्यात २,८१५ तुकडे आहेत. ती सव्वातीन मीटरपेक्षा थोडी अधिक लांब-रुंद आहे.

ही गोधडी त्यांनी विकली नाही. ज्या स्त्रियांनी कापड आणि सुया दिल्या, त्यांनाच ती भेट दिली. तिच्यावर धाग्याने मजकूर लिहिला आहे. आम्ही तुमचे आभारी आहोत आणि मेहनत करण्याचा तुमचा उपदेश विसरलो नाही, असा त्याचा आशय आहे.

जवळून पाहिले तर काही टाके नीटनेटके दिसतात, काही वेडेवाकडे. कोठे कोठे तपकिरी डाग आहेत. नवख्या हाताला सुई टोचली, त्या रक्ताचे ते डाग असावेत.

पुढे ही गोधडी लोक विसरून गेले. १९८९ साली ती स्कॉटलंडमध्ये सापडली. एलिझाबेथ फ्राय यांचे चित्र २००२ ते २०१७ या काळात इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर होते. गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांपैकी मात्र एकीचेही नाव तिच्यावर नाही. ज्यांना जगाने चोर म्हणून घालवून दिले, त्यांच्याजवळ आठवण म्हणून द्यायला आपली मेहनत होती. तीच त्यांनी दिली.

शब्दार्थ
हद्दपारी – देशाबाहेर घालवण्याची शिक्षा
अंगुस्तान – शिवताना बोटात घालायची टोपी
हुनर – कौशल्य
आशय – अर्थ

स्वाध्याय
१. न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांची स्थिती कशी होती?
२. पिशवीत कोणकोणत्या वस्तू असत? त्या देण्याचा हेतू काय होता?
३. कैदी स्त्रियांनी गोधडी विकली का नाही? तुमच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या घरातील गोधडीविषयी पाच वाक्ये लिहा.