दुखण्याचे शब्द आणि गोळ्यांची नावं

आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, तळपायांची आग होते. पण औषधाच्या दुकानात गेलो की आपण एवढंच म्हणतो, "दुखण्यावरची गोळी द्या." मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. साहित्य मंडळाच्या अंकात औषधांवर लिहिते आहे, कारण दुखणं बदललं की औषधही बदलतं, आणि ते ओळखायला शब्दच उपयोगी पडतात.

१. सूज उतरवणाऱ्या गोळ्या : ठेच लागली, हिरडी सुजली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे मज्जातंतू जास्त संवेदनशील होतात आणि ठणका लागतो. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं त्या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. अ‍ॅस्पिरिनचं हे कार्य जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. पण हीच द्रव्यं जठराच्या अस्तराचं रक्षणही करतात. म्हणून या गोळ्यांनी पोटात जळजळ, कधी व्रण आणि रक्तस्रावही होतो. मूत्रपिंडालाही त्रास होऊ शकतो. डेंग्यूची शंका असेल तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत.

२. पॅरासिटामॉल : हे मुख्यतः मेंदूच्या पातळीवर काम करतं. ताप आणि डोकेदुखी कमी होते, सूज फारशी उतरत नाही. पोटाला मात्र सौम्य. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा. त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते, आणि पहिल्या दिवशी ती जाणवतही नाही. खरी गोम अशी, की सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. परीक्षेच्या दिवसांत तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी गोळी घेतली, तर एकच औषध दोनदा पोटात जातं.

३. मॉर्फिनचा गट : मॉर्फिन अफूपासून मिळतं. ते मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ग्राहींना चिकटून वेदनेचा निरोप मंदावतं. कर्करोगात, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा फार आधार असतो. पण सवय लागू शकते, जास्त मात्रेने श्वास मंदावतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

४. आग आणि मुरडा : मधुमेहात मज्जातंतूच बिघडले की पायांची आग होते. तिथे वरच्या साध्या गोळ्या फारशा चालत नाहीत; डॉक्टर प्रीगाबॅलिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. मुरडा म्हणजे आतड्याच्या स्नायूंची पिळवट. ती सैल करायला डायसायक्लोमीनसारखं औषध लागतं.

तेव्हा दोन गोष्टी करा. गोळीच्या पाकिटावरचं मोठं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. आणि डॉक्टरांसमोर नुसतं "दुखतंय" म्हणू नका. ठणकतंय, आग होतेय की मुरडा येतोय ते सांगा. निदानाची निम्मी वाट तिथेच सोपी होते.