दशरथाची तैलद्रोणी

वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात दशरथ महाराजांचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवल्याचा प्रसंग आहे. राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न मातुलगृही. अग्नी देण्यास एकही पुत्र जवळ नव्हता. भरत येईपर्यंत देह राखला, आणि तो येताच अग्निसंस्कार झाला.

अमेरिकेत देह राखण्याचा हेतू याहून निराळा आहे. अतिशीत केलेल्या मृतदेहास पुढील काळातील वैद्यक पुन्हा उठवील, असे रॉबर्ट एटिंगर यांनी 1964 साली ग्रंथद्वारे प्रतिपादिले. 12 जानेवारी 1967 रोजी कॅलिफोर्नियात जेम्स बेडफोर्ड हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक कर्करोगाने वारले व त्यांचा देह प्रथम असा ठेवण्यात आला. उणे 196 अंशांचा द्रवरूप नायट्रोजन सतत उडून जातो, म्हणून तो पुनःपुन्हा भरावा लागतो. त्यास अर्थातच द्रव्य लागते. चॅट्सवर्थच्या दफनभूमीतील तळघरात ते द्रव्य आटले आणि आतील देह कुजून गेल्याचे 1979 साली उघड झाले. त्यांत एक लहान मुलगीही होती. तिच्या मातापित्यांस हसण्याचे धाडस आम्हांस होत नाही. आजवर एकही देह उठलेला नाही, एवढेच नमूद करितो.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत. त्यांच्यासाठी एक-दोन दिवस देह शीतपेटीत ठेवावा की नाही, असे काही कुटुंबे संकोचाने विचारतात. आमच्या मते अवश्य ठेवावा; वसिष्ठादिकांनी अयोध्येत तेच केले. मात्र मुलगा पोहोचताच विलंब करू नये.