समोर शत्रू नसताना

सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला जवान, म्हणून भरती झालो, सुभेदार होऊन घरी आलो. गोळी झाडायचे प्रसंग वाट्याला थोडे आले. ढिगारे, पूर आणि वाहून गेलेले पूल मात्र भरपूर. गावातली पोरं विचारतात, "आप्पा, लढाई बघितली का?" लढाईबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना दुसरंच सांगतो.

१. राग कामाला येत नाही.
लढाईत समोर शत्रू असतो, शेजारचा पडलेला असतो. रक्त तापतं आणि पाय आपोआप पुढे जातात. पाण्यावर किंवा यंत्रावर चिडून काय होणार? इथलं धाडस थंड डोक्यानंच करावं लागतं. विंग कमांडर वरुण सिंग १२ ऑक्टोबर २०२० ला तेजस घेऊन एकटेच उडाले होते. उंचावर केबिनमधला हवेचा दाब बिघडला. खाली येऊ लागले, तर विमानाची नियंत्रण यंत्रणाच दगा देऊन बसली. पॅराशूट घेऊन बाहेर पडले असते तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी विमान सावरलं, ते पुन्हा हातातून सुटलं, पुन्हा सावरलं आणि धड उतरवलं. शौर्य चक्र २०२१ मध्ये मिळालं. त्याच डिसेंबरात कुन्नूरच्या हेलिकॉप्टर अपघातात ते जबर भाजले आणि आठवडाभर झुंजून गेले.

२. थांबायला छाती लागते.
किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. मी तेव्हा नवा होतो. घरं माळवदाची: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचा थर. पहाटे चारच्या सुमारास ते सगळं झोपलेल्या माणसांवर बसलं. माती फटीफटीत शिरते, आत श्वासापुरती पोकळी उरत नाही. आमचे उस्ताद मधूनच शिट्टी मारायचे आणि फावडी जागच्या जागी थांबायची. सगळ्यांनी गप्प, कान ढिगाऱ्याला. कुठून कण्हणं येतंय का, दगडावर दगड आपटल्याचा आवाज येतोय का. बाजूला उभे असलेले नातेवाईक ओरडायचे, "अरे, थांबलात काय, खणा की!" त्या ओरडण्यासमोर हात न हलवता बसणं मला पुढं कधी सोपं गेलं नाही.

३. 'नाही' म्हणता आलं पाहिजे.
हे मला सगळ्यात मोठं वाटतं, म्हणून जरा लांबेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी तेव्हा पेन्शनीत होतो, पण लष्कराची तुकडी आमच्या भागात आली आणि वाटाड्या म्हणून मी बाऊटमध्ये बसलो. बाऊट म्हणजे आमची लष्करी नाव. नाव चालवणारा पोरगा पंचविशीचा असेल. एका माडीवर बरीच माणसं, नावेत जॅकेटं मोजकी. तो हात आडवा धरून म्हणाला, "जितकी जॅकेटं तितकीच माणसं. बाकीच्यांना पुढच्या फेरीला नेतो." खाली शिव्यांचा पाऊस. एक आजी तर चढायलाच तयार नव्हत्या. "माझी म्हस दावणीला हाय, तिला सोडून कुठं येऊ?" मी म्हटलं, "आजी, दावं कापून देतो, म्हस माणसापेक्षा बरी पोहती." दावं कापलं, मग त्या आल्या. पोरानं माझ्याकडं बघितलंही नाही, तो जॅकेटांचे बंद ओढून बघत होता.
८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली आणि माणसं बुडाली. ती गावचीच नाव होती. लोक धास्तावून मिळेल त्या नावेत चढले होते. दोष कुणाला देणार? पण त्या दिवसानंतर आमच्या पोराला शिव्या देणारे गप्प झाले.

४. गल्लीत शिरताना इंजिन बंद.
पुराच्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही: तारेचं कुंपण, उसाचा पाला, कुणाच्या दोरीवरची साडी. ओबीएमच्या, म्हणजे नावेच्या इंजिनाच्या, पंख्यात यातलं काहीही गुंतलं की नाव धारेला आडवी होते. म्हणून बांबूनं खाली चाचपत, वल्ह्यानं सरकायचं. विजेच्या तारा डोक्याच्या उंचीवर आलेल्या असतात, तिथं मान खाली. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण बघायला कंटाळवाणं असतं.

५. आधी डॉक्टर, मग दोर.
केरळ, १७ ऑगस्ट २०१८. आलुव्याच्या बाजूला पुरात अडकलेल्या एका गरोदर बाईची पाण्याची पिशवी फुटलेली. नौदलाचे कमांडर विजय वर्मा यांनी हेलिकॉप्टर वर तरंगतं धरलं. तिला उचलण्याआधी डॉक्टरला दोरानं खाली सोडलं. तिला वर ओढता येईल का, हे तपासल्यावरच दोर वर आला. मुलगा झाला, त्याच दिवशी. झाडं आणि तारांच्या मधे पंखा फिरत असताना एवढा वेळ काढणं, हे मला प्रत्यक्ष उड्डाणापेक्षाही अवघड वाटतं.

६. अपघातानंतरही उड्डाण असतं.
२५ जून २०१३ ला उत्तराखंडच्या बचावकार्यात गौरीकुंडाजवळ हवाई दलाचं एमआय-१७ कोसळलं, त्यातले वीसही जण गेले. यात्रेकरू अजून अडकलेले होते. बाकीची हेलिकॉप्टरं उडत राहिली.

७. पदकं असतात, पण माहीत नसतात.
परमवीर चक्र सगळ्यांना ठाऊक. शत्रू समोर नसताना केलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र आहेत. १९५२ मध्ये ही पदकं सुरू झाली तेव्हा एकाच अशोक चक्राचे तीन वर्ग होते, आजची नावं १९६७ ची. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' शिडाच्या नावेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केलेले पहिले भारतीय, कमांडर दिलीप दोंदे, यांना शौर्य चक्र मिळालं. त्याच नावेतून कुठंही न थांबता फिरून आलेल्या अभिलाष टॉमींना कीर्ती चक्र. भरतीला निघालेल्या पोरांना मी ही नावं विचारतो, तर ती तोंडाकडं बघतात.
आमच्या त्या बाऊटवाल्या पोराला पदक मिळालं नाही. दिवाळीची रजा मिळाली, आणि तो तेवढ्यावर खूश होता.