किशोरवयीन नैराश्य आणि मोबाइल ॲप : उपयोग व मर्यादा

निवासी शाळेच्या वसतिगृहात रात्री दिवे मालवले जातात, तेव्हा विद्यार्थ्यांचे मोबाइल कार्यालयातील कपाटात कुलूपबंद असतात. अभ्यासाच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे आणि फुलचूर परिसरातील बहुतेक पालकही त्याचे समर्थन करतील. परंतु नैराश्याने ग्रासलेल्या मुलांना साहाय्य करणारी काही साधने आज याच मोबाइलमध्ये उपलब्ध झाली आहेत. ज्या वस्तूपासून मुलांना दूर ठेवायचे, तिच्यातूनच आधार मिळणार असेल तर शाळेने आणि पालकांनी काय करावे? प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करीत आहोत.

प्रथम नैराश्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे. चाचणीत गुण कमी पडल्यामुळे दोन दिवस वाटणारी उदासी म्हणजे नैराश्य नव्हे. किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक काळ मन खिन्न राहणे, आवडत्या गोष्टींतील रस संपणे, झोप, भूक व एकाग्रता बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. किशोरवयात खिन्नतेऐवजी चिडचिड अधिक दिसते. त्यामुळे ‘मुलगा उर्मट झाला’, ‘मुलगी आळशी झाली’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो आणि आजार नजरेआड राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात 10 ते 19 वयोगटातील दर सात जणांपैकी एकास कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. हे प्रमाण लक्षात घेता कोणत्याही शाळेने हा प्रश्न परका मानू नये.

मानसिक स्वास्थ्यासाठीच्या ॲपची कामे साधारणतः चार प्रकारची असतात. काही ॲप रोजची मनःस्थिती नोंदवून घेतात. काही श्वसनाचे सराव व दिनक्रमाची आखणी शिकवतात. काही ॲप अडचण सोडवण्याची पद्धत समजावतात, तर काही यंत्राद्वारे संवाद साधतात. यांपैकी कोणतेही ॲप निदान करणाऱ्या डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. नोंदींवरून आलेला गुणांक हा केवळ इशारा असतो.

या विषयातील एक महत्त्वाचा प्रयोग गोव्यात झाला. 1996 पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात कार्यरत असलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचे ॲप तयार केले. त्यात गोष्टी व खेळांच्या माध्यमातून मुले आपली अडचण नेमकी मांडतात, उपाय सुचवतात, त्यांतील एक निवडून करून पाहतात. मुलांकडे स्वतःचा मोबाइल असेलच असे नाही, हे गृहीत धरून ते शाळेतच, समुपदेशकाच्या सोबतीने वापरले गेले. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती.

सोबतीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर याच संस्थेने दिल्लीच्या शासकीय शाळांत केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडते. त्यात ॲप नव्हते, चित्रकथांच्या पुस्तिका होत्या. पद्धत मात्र अडचण सोडवण्याचीच होती. एका गटाला पुस्तिकांबरोबर समुपदेशक मिळाला, दुसऱ्याला केवळ पुस्तिका. समुपदेशक लाभलेल्या मुलांना आपल्या अडचणींचा भार अधिक हलका झाल्याचे जाणवले. मानसिक लक्षणांत मात्र सहा आठवड्यांअखेर दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. यातून दोन बोध मिळतात : माणसाच्या सोबतीने साधनाचे बळ वाढते, आणि लक्षणे तीव्र असतील तर अशा अल्पकालीन उपायांवर विसंबून न राहता वैद्यकीय उपचार घ्यावेत.

माणसापर्यंत पोहोचवणारी एक शासकीय सेवाही आता उपलब्ध आहे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येते. 10 ऑक्टोबर 2024 रोजी तिचे ॲपही आले. महत्त्वाची बाब अशी की, या क्रमांकासाठी स्मार्टफोनची गरज नाही. साधा फोन पुरतो.

यास्तव आम्ही तीन गोष्टी सुचवू इच्छितो. पहिली, प्रत्येक वसतिगृहात एक फोन असा असावा की ज्यावरून विद्यार्थी कारण न सांगता 14416 वर, एकांतात बोलू शकेल. कुलपाची किल्ली मागताना ‘कशासाठी?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले, तर बोलण्याचे धैर्य तिथेच संपते. दुसरी, कोणतेही ॲप निवडताना मुलांची माहिती कोठे साठवली जाते, कोणाला दिली जाते, हे पालकांनी व शिक्षकांनी पाहावे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. तिसरी, गृहपाल व एक-दोन शिक्षकांनी ऐकून घेण्याचे प्रशिक्षण घ्यावे. मुलाच्या बोलण्यात मरणाचा उल्लेख आला, त्याने आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या वा निरोपाची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्यानंतर विलंब न लावता गोंदियातील शासकीय रुग्णालयात न्यावे.

आपल्या समाजात अनेक घरांतील पहिली शिकलेली पिढी अशा वसतिगृहांतून घडली. त्या मुलांच्या पाठीवर दप्तराबरोबर साऱ्या घराच्या आशाही होत्या, आजही आहेत. स्वतःच स्वतःचा दीप व्हावे, ही शिकवण आपण त्यांना देतो. परंतु तिचा अर्थ एकट्याने सोसावे असा होत नाही. वाट दाखवणाऱ्या कल्याणमित्राचे मोलही आपल्या परंपरेने तितकेच मानले आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, आपल्या वसतिगृहातील मौन कसे होते, हे आठवून पाहावे. आपल्याला त्या वेळी कोणाशी बोलावेसे वाटत होते? तो माणूस आज येथे राहणाऱ्या मुलाला मिळावा, म्हणून महिन्यातून एक रविवार फुलचूरला येऊन त्याच्याजवळ बसावे. ॲप त्यानंतर उघडता येईल.