शिवारातले धान्य आणि शाळेचे ताट

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला एक प्रश्न नेहमी पडतो: वऱ्हाडच्या शिवारात जे पिकते, ते शाळेच्या ताटात कितीसे येते?

शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. आपल्याकडे आरंभी मुलांना तांदूळ घरी नेण्यास मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले. प्राथमिक वर्गातील मुलास रोज 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरले आहे. परंतु मुख्य धान्य तांदूळ, आणि तो येतो अन्न महामंडळाच्या गोदामातून. अमरावती-अकोल्याचे जुने अन्न म्हणजे ज्वारीची भाकर व तुरीचे वरण. सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र घटवले, कारण ज्वारीला खात्रीचा भाव नाही.

शाळांनी परसबागा कराव्यात, असे केंद्राने 2019 मध्ये सुचवले. हात धुण्याच्या पाण्यावर पालक, मेथी, शेवगा सहज येतो. पण परसबाग भाजी देते, धान्य नव्हे. शंभर मुलांच्या भाकरी थापणे स्वयंपाकी बायांना अशक्यच. ज्वारीच्या कण्या मात्र खिचडीसारख्या एका भांड्यात शिजतात. शाळेने ही ज्वारी हमीभावाने गावातच घेतली, तर शेतकऱ्यास गिऱ्हाईक मिळेल व मुलास ओळखीची चव.

मित्रहो, अकोल्यात 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील ज्ञान आणि गावची शाळा यांना जोडणारा दुवा आपणच का होऊ नये?