प्रकार, मॉडेल, ऑर्डर : कारखान्यातील नोंदींची मराठी

बेळगावकडच्या एका फाउंड्रीत गुणवत्तेच्या नोंदी ठेवणारी संगणकप्रणाली बसवली गेली, तेव्हा तिच्या पडद्यावरचे मराठी शब्द तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी अळणावरचा. घरात मराठी, बाजारात कन्नड. त्यामुळे दोन्ही भाषांच्या कामगारांना शब्द कसा पोचेल ते मला सांगता येईल, असा त्यामागचा हिशेब. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'मॉडेल'चे 'आदर्श' झाले होते, 'ऑर्डर'चा 'आदेश' आणि 'कॅटेगरी'चा 'वर्ग'. 'आदर्श निवडा' वाचून तपासणीच्या टेबलावरची माणसे हसली. 'वर्ग' कोणाला खटकला नाही, आणि अडचण त्याच शब्दात होती. आपण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात 'वर्ग' करतो. कन्नडमध्येही 'वर्ग' म्हणजे प्रकार आणि बदलीसुद्धा. 'माल वर्ग करा' ही सूचना वाचून कोणी हातगाडी शोधू लागला, तर दोष त्याचा नव्हे.

पण शब्द ठरवण्याआधी तीन कप्प्यांत काय ठेवायचे ते समजून घ्यावे लागते. आमचे स्टेशन लोंढा-हुबळी मार्गावरचे जंक्शन. दांडेलीचा फाटा इथूनच फुटतो. तिथलेच उदाहरण घेतो. 'पॅसेंजर' हा प्रकार. गाडीचा क्रमांक हे मॉडेल : ठरलेली स्थानके, ठरलेल्या वेळा. अमुक तारखेला सुटलेली गाडी ही ऑर्डर. 'पॅसेंजरला उशीर होतो' एवढ्या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. क्रमांक आणि तारीख सांगितली की चौकशी सुरू होते.

फाउंड्रीत 'पंप बॉडी' हा प्रकार धरला, तर सगळ्या पंप बॉडींना समान असलेल्या तपासण्या त्याला जोडायच्या : ब्लो होल, म्हणजे ओतीव लोखंडात वायूमुळे राहिलेली पोकळी, आहे का, तडा आहे का, पाण्याच्या दाबाखाली गळते का. मापे आणि मापांतली सूट मॉडेलकडे. पार्टी, नग, तारीख, कोणत्या हीटचे लोखंड, हे ऑर्डरकडे. जी गोष्ट ज्या पायरीवर बदलते ती तिथेच लिहायची.

इथे मॉडेलच्या नावातच पार्टीचे नाव घालण्याची जुनी सवय होती. वहीत ते सोयीचे असते, पण प्रणालीत त्याने आकडे फुटतात. समजा, एकाच साच्यातून निघालेल्या बॉडी दोन पार्ट्यांना जातात. एकीच्या 200 नगांत 8 गळके निघाले, दुसरीच्या 150 नगांत 6. दहा गळके नग झाले की साचा उतरवून तपासायचा असा नियम असेल, तर दोन्ही आकडे दहाच्या आतच राहतात. एका मॉडेलखाली मोजले तर 14 होतात आणि साचा त्याच दिवशी उतरतो. नाहीतर पुढचा गळका पंप कुणाच्या तरी विहिरीवर जाऊन बसतो, आणि तो कोणत्या हीटचा, त्याचे सोबती कुठे गेले, हे शोधायला जागा उरत नाही. आयएसओ 9001 या मानकाच्या 2015च्या आवृत्तीत, 8.5.2 या कलमात, मालाची ओळख आणि माग याबद्दल जे सांगितले आहे त्याचा व्यवहारातला अर्थ हाच.

मालाची नावे गटांत मांडणे आपल्याला नवे नाही. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशात शब्द दहा वर्गांत लावले आहेत. त्यांतला पण्यवर्ग हा विक्रीच्या वस्तूंचा. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश. तरी बाजाराने आपले शब्द सोडले नाहीत. 'जिन्नस'च पाहा. मूळ अरबी 'जिन्स' म्हणजे प्रकार, जात. मराठीत जिन्नस म्हणजे हातात धरता येणारी वस्तू. शब्द वरच्या पायरीवरून खाली उतरला. शिक्षकांनी 'वाण', 'प्रत', 'नग', 'जिन्नस' हे चार शब्द फळ्यावर लिहून कोणता कोणत्या पायरीवर बसतो ते मुलांना विचारावे. जातिवाचक आणि व्यक्तिवाचक नामांतला फरक व्याख्येपेक्षा लवकर कळतो.

'नमुना' मी मॉडेलसाठी घेतला नाही. कामगारांच्या तोंडी नमुना म्हणजे मंजुरीसाठी आधी पाठवलेला नग. 'नमुना पास झाला' की मग काम सुरू. (माणसालाही नमुना म्हणतात, ते वेगळे.) 'मागणी'ही सोडला, बाजारातली एकूण मागणी आणि एका पार्टीची ठरावीक नगांची ऑर्डर यांत त्याने गल्लत होते, शिवाय मागणी मुलीलाही येते. म्हणून 'प्रकार', 'मॉडेल', 'ऑर्डर'. 'ग्राहक' हा शब्द व्यवस्थापकांना हवा होता, पण रकान्यावर 'पार्टी'च ठेवले, कारण चलनापासून फोनपर्यंत सगळीकडे तोच चालतो.

वाद राहिला तो ड्रॉइंग बदलल्यावर काय करायचे याचा. एक भोक अर्धा मिलिमीटर सरकले तर मॉडेल नवे की तेच? मॉडेलचा क्रमांक तोच ठेवून शेजारी 'ड्रॉइंग बदल' असा वेगळा रकाना द्यावा, असे मी सुचवले. जुन्या ड्रॉइंगचे नग अजून मांडणीवर होते, आणि त्यांना जुन्याच मापाने तपासायचे होते.